डिफरन्शियलचं ऑइल घरच्या घरी बदला, अंगण न माखता

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे पुष्कळ असतात. एअर फिल्टर स्वतः काढून झटकणारेही असतात. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो जो लोखंडी फुगवटा दिसतो, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल, त्याच्या पोटातही ऑइल असतं आणि तेही बदलावं लागतं, हे गाडी लाखभर किलोमीटर पळाली तरी कित्येकांच्या गावीही नसतं. सर्व्हिसच्या बिलावर ती ओळ क्वचितच दिसते आणि कोणी विचारतही नाही.

काम मुळात अवघड नाही. दोन प्लग, थोडं ऑइल, एक नळी आणि पहिल्या वेळी साधारण दोन तास, एवढंच. लोक कचरतात ते पसाऱ्याला, आणि त्यांचं काही चुकत नाही. गियर ऑइल इंजिन ऑइलपेक्षा चिवट असतं, फरशीत मुरतं आणि त्यातल्या गंधकाचा वास कपड्यांतून चार धुण्यांतही जात नाही. मात्र हा पसारा होतो तो जवळजवळ नेहमी क्रम चुकल्यामुळे. ऑइल कुठून पडणार, कुठे पडणार आणि पडल्यावर कशात जाणार, हे पाना हातात घेण्याआधी ठरलेलं असलं की पुढचं सगळं सोपं आहे.

तुमच्या गाडीला हे काम आहे का?

हे सगळ्यात आधी बघा, कारण निम्म्याहून जास्त वाचकांचं काम इथेच संपेल. स्विफ्ट, वॅगनआर, आय-ट्वेंटी, नेक्सॉन अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गियरबॉक्सच्याच पेटीत बसवलेलं असतं आणि साधारणपणे दोघांना एकच ऑइल पुरतं. त्यांना मागे वेगळं काही नसतं. गाडीखाली वाकून पाहा. मधून मागे जाणारा लांब फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, दिसला नाही तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, तवेरा, क्वालिस, इनोव्हा, क्रिस्टा, ओम्नी, ईको या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. यांना मागे डिफरन्शियल असतंच. नव्या इनोव्हा हायक्रॉसला नाही, ती पुढच्या चाकांवर चालते; नाव तेच राहिलं म्हणून फसू नका. जिप्सी किंवा फोर बाय फोर थार, स्कॉर्पिओ असेल तर पुढे एक, मागे एक अशी दोन डिफरन्शियल आणि मध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी. तिन्हींची ऑइलं वेगळी मोजायची, वेगळी बदलायची.

पुढचं वर्णन मी बोलेरोसारखी गाडी डोळ्यांपुढे ठेवून करतोय. जमिनीपासून उंच, मागे दोन चाकांना जोडणारा आडवा सलग अ‍ॅक्सल. शिकायला अशी गाडी बरी, कारण जॅक न लावताही तिच्याखाली हात पोचतो.

किती किलोमीटरला बदलायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि तोच आकडा धरायचा. मात्र त्या आकड्यापुढे खडतर वापरासाठी वेगळा आकडा आहे का, तेही बघा. ऊस भरलेला ट्रेलर ओढणारी, घाटात भरून चढणारी, पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून जाणारी गाडी खडतर वापरातच मोडते, मालकाला ते कितीही रोजचं वाटलं तरी. गाडी जुनी घेतली असेल आणि आधीच्या मालकाला मागच्या ऑइलबद्दल काही सांगता येत नसेल, तर ते कधीच बदललं गेलेलं नाही असं धरून चाला.

ऑइल कोणतं आणि तेच का

इंजिनाकडून येणारी फिरकी गाडीच्या लांबीत येते आणि चाकं फिरतात आडवी. हे वळण देण्याचं काम दोन दातेरी चाकं करतात, लहान पिनियन आणि मोठा क्राउन. बहुतेक गाड्यांत पिनियनचा आस क्राउनच्या मध्याच्या थोडा खाली असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास ती मोटारगाडीत आणली. शाफ्ट खाली आला की गाडीचा तळही खाली घेता येतो, हा फायदा. पण याचा एक भुर्दंडही आहे. असे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर फाटतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं. म्हणून या ऑइलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. ती दातांच्या पृष्ठभागावर रासायनिक थर धरतात. वास येतो तो त्यांचाच.

डब्यावर हे जीएल-५ असं लिहिलेलं असतं. बहुतेक मॅन्युअल गियरबॉक्सना लागतं ते जीएल-४ वेगळं. गियरबॉक्सचं ऑइल उरलंय म्हणून ते मागे ओतू नका, हायपॉइड दातांना ते पुरत नाही. उलटंही नको, कारण काही जीएल-५ ऑइलांतली रसायनं गियरबॉक्समधल्या पितळी रिंगांना सोसत नाहीत.

जाडी साधारणपणे ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० किंवा नव्या गाड्यांत ७५डब्ल्यू-९० अशी असते. ९० हा आकडा पाहून हे इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड असेल असं वाटतं, पण गियर ऑइलची मोजपट्टीच निराळी आहे. गियर ऑइलमधलं ९० म्हणजे इंजिन ऑइलमधल्या ४० ते ५० च्या आसपासची जाडी. पुस्तिकेत जे आहे तेच घ्या. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, एक नंबर जाड टाका’ हा सल्ला काउंटरवर फुकट मिळतो, तो तिथेच सोडून या.

लॉकिंग किंवा लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळं फिरत राहू न देणारं डिफरन्शियल असेल तर जास्त काळजी घ्या. थारच्या काही मॉडेलांत आणि बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलात आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल येतं. क्लच असलेल्या काही डिफरन्शियलना ऑइलात खास मिश्रण लागतं आणि काहींना ते घालून चालत नाही. इथे पुस्तिकेतलं एक अक्षरही इकडचं तिकडे करू नका.

प्रमाणही पुस्तिकेतूनच घ्या. या आकाराच्या गाड्यांना साधारण एक ते अडीच लिटर लागतं. एक लिटरचे सीलबंद डबे घ्या आणि हिशेबापेक्षा थोडं जास्त आणा, कारण पहिल्या वेळी थोडं नळीत राहतं आणि थोडं सांडतंच. सुटं ऑइल, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी, नको.

सामान

पाने विकत घेण्याआधी गाडीखाली जाऊन दोन्ही प्लग बघा. वरचा, हौसिंगच्या म्हणजे त्या लोखंडी फुगवट्याच्या साधारण मध्यावर, भरायचा. खालचा, तळाशी, ऑइल सोडायचा. कुठे बाहेर आलेलं षटकोनी डोकं असतं, कुठे आत षटकोनी खाच, कुठे चौकोनी. खाच चिखलाने भरलेली असते, म्हणून आधी तारेचा ब्रश मारून मगच ठरवा. षटकोनी खाचेला जाड एलन की किंवा तसा बिट लागतो. चौकोनी खाचेत पुष्कळदा गोटी पान्याच्या (सॉकेटच्या) दांड्याचं टोकच बसतं. बाहेरच्या डोक्याला सहा कोनी गोटी घ्या, बारा कोनी घट्ट प्लगवर घसरते. साधा उघडा पाना इथे नकोच. प्लगचे कोपरे एकदा गोल झाले की घरचं काम गॅरेजचं होतं, आणि तिथे वेल्डिंग करून तो प्लग काढावा लागतो.

खालचा प्लग काही गाड्यांत नसतोच. मग मागचं झाकण उघडावं लागतं किंवा वरच्या छिद्रातून नळी घालून ऑइल ओढून काढावं लागतं. पहिलाच प्रयत्न असेल तर ओढून काढा. झाकण उघडलं की गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची पातळ सील, ती खरवडणं आणि पुन्हा सील करणं हे सगळं मागोमाग येतं.

बाकीचं सामान असं. प्लगचे नवे वॉशर, तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, जे मूळचे असतील ते. पुण्यात नाना पेठेत, किंवा तुमच्या गावच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात, जुना दाखवला की मिळतात. ऑइल ओढायची-सोडायची मोठी पिचकारी किंवा डब्यावर बसणारा हातपंप. नायट्राइलचे हातमोजे दोन जोड. जुन्या सुती साडीचे फडके, कारण टेरिकॉट ऑइल नीट शोषत नाही. ऑइल धरायला किमान पाच लिटर मावेल अशी पसरट घमेली किंवा प्लास्टिकचा टब. उंच बादली नको, गाडीखाली शिरत नाही आणि शिरली तरी प्लगपर्यंत हात जाऊ देत नाही. पाच लिटरचा ऑइलचा रिकामा कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापली तर उत्तम टब होतो, शिवाय त्याच्या तोंडातून नंतर ओतताही येतं. फक्त झाकण घट्ट लावायला विसरू नका.

आणि नळी. हार्डवेअरच्या दुकानात गवंड्यांसाठी मिळणारी पारदर्शक लेव्हल ट्यूब, दोन मीटर. पंप नसला तर हिच्यावर सगळं काम होतं. ते पुढे सांगतो.

जागा

जमीन सपाट हवी. इथे तडजोड नाही, कारण भरताना पातळी जमिनीच्या हिशेबानेच ठरते. उतारावर उभी गाडी कमी किंवा जास्त ऑइल घेईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर आधी विचारा आणि पावसाळी पाण्याच्या जाळीपासून लांब राहा. त्या जाळीतून गेलेलं थेट नाल्यात आणि तिथून नदीत जातं. खाली आधी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक, त्यावर उघडून सपाट केलेले पुठ्ठ्याचे खोके. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचा पुठ्ठा मिळाला तर सोनंच. प्लास्टिक ऑइल अडवतं पण शोषत नाही आणि पुठ्ठा शोषतो पण अडवत नाही, म्हणून दोन्ही हवेत. पुठ्ठ्यावर झोपून सरकणंही सोपं जातं. सुताराकडून पिशवीभर लाकडाचा भुसा आणून बाजूला ठेवा. वर्तमानपत्रांवर विसंबू नका, वाऱ्याने उडतात आणि भिजली की फाटतात.

गाडीखाली नीट जाता येत असेल तर जॅक लावूच नका. इनोव्हासारख्या गाडीत स्टेपनी मागे तळाला लटकलेली असते, ती उतरवली की बरीच जागा होते. तरीही उचलावी लागलीच तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, घडीभरही नाही. अ‍ॅक्सलखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी (जॅक स्टँड) लावा आणि पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. मागचं एकच चाक उचललं तर गियरमध्ये ठेवलेली गाडी गियरने धरून राहत नाही. डिफरन्शियलचं कामच दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणं हे असल्यामुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सरकू शकतं. हँडब्रेक आणि ठोकळे दोन्ही लावलेच पाहिजेत.

कृती

गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. ऑइल कोमट झालं की पातळ होतं, तळाला बसलेला गाळ ढवळून त्याच्याबरोबर बाहेर पडतो. घाटातून ताणून आणली असेल तर मात्र अर्धा तास थांबा. हौसिंगला हात लावून चटका बसत नाही, इतपत गार हवं. सायलेन्सरचा पाइप जवळूनच जातो, तोही चांगलाच तापलेला असतो.

दोन्ही प्लगभोवतीची जागा ब्रशने आणि डिझेलने ओल्या केलेल्या फडक्याने स्वच्छ करा. प्लग उघडल्यावर वरची माती आत पडली तर नवीन ऑइल घालून काय मिळवलं?

आता या कामातला सगळ्यात मोठा नियम: वरचा, भरायचा प्लग आधी उघडा. उघडला, हाताने फिरतोय हे पाहिलं, मगच खालच्याला हात लावायचा. वरचा प्लग वर्षानुवर्षं उघडलेला नसतो, गंजून बसलेला असतो. खालून सगळं ऑइल सोडलं आणि मग वरचा निघेना, तर गाडी रिकाम्या डिफरन्शियलने अंगणात अडकते आणि चालवत गॅरेजला नेण्याचीही सोय राहत नाही. वरचा निघतच नसेल तर त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, पाना पूर्ण आत बसवून त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार ठोके द्या, मग दांड्याला पाइप लावून सावकाश जोर द्या, झटका नाही. तेवढ्यानेही निघाला नाही तर आहे ते ऑइल आत ठेवून तशीच गाडी गॅरेजला न्या. काहीही बिघडलेलं नसतं.

वरचा प्लग सुटताना फुस्स आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. ब्रीदर म्हणजे अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूची छोटी टोपी किंवा तिथून वर गेलेली रबरी नळी; गरम हवेला बाहेर जायची ती वाट. ती चिखलाने बुजली की आत दाब साठतो आणि ऑइल सील रेटून बाहेर पडतं. सील बदलूनही गळती थांबत नाही अशा गाड्यांत पुष्कळदा दोष या टोपीचाच असतो. आत्ताच ती काढून डिझेलने धुऊन टाका.

वरचा प्लग हलकेच परत टेकवून ठेवा. पूर्ण उघडा असला तर खालून ऑइल भसकन येतं, टेकवलेला असला तर संथ. हे संथपण पसारा टाळायला कामी येतं. अर्ध्याहून जास्त निघून गेलं की तो काढून टाकायचा.

आता खालचा. टब प्लगच्या बरोबर खाली ठेवू नका, थोडा बाहेरच्या दिशेला सरकवा, कारण पहिली धार सरळ खाली न पडता प्लगच्या तोंडाच्या दिशेने फेकली जाते आणि जोर ओसरला की हळूहळू हौसिंगला चिकटून ओघळते. म्हणजे टब दोनदा हलवावा लागतो, सुरुवातीला लांब आणि शेवटी जवळ. हौसिंगच्या खाली एखादी पट्टी किंवा दांडा येत असेल तर ऑइल त्याच्यावर पडून चार दिशांना उडतं. तिथे स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची दोन-तीन पदरी पन्हाळ करून दांड्यावर बसवा आणि तिचं टोक टबात सोडा. पाच रुपयांच्या फॉइलने निम्मा पसारा वाचतो.

पान्याने फक्त सैल करा. पुढचे आटे हाताने, आणि हाताने फिरवताना प्लग आतल्या बाजूला दाबून धरा. असा दाबून धरला तर शेवटच्या आट्यापर्यंत ऑइल गळत नाही. आटे संपल्याचं बोटांना जाणवलं की प्लग एका झटक्यात बाजूला घ्यायचा, खाली नाही. मनगट प्लगच्या वर ठेवा, नाहीतर ऑइल बाहीतून कोपरापर्यंत जातं. हातमोज्यावर एक प्लास्टिकची पिशवी चढवली असेल तर प्लग मुठीत धरून पिशवी उलटी करायची, प्लग आत आणि ऑइलही आत. प्लग टबात पडला तर घाबरायचं कारण नाही, पण वॉशर त्या काळ्या ऑइलात शोधत बसावा लागतो.

थेंब थेंब व्हायला लागलं की दहा-पंधरा मिनिटं सोडून द्या आणि निघालेलं ऑइल बघा. गडद तपकिरी किंवा काळं असेल तर ते जुनं झालंय, एवढंच. दुधी, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. कोकणात पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाड्यांत हे नेहमी सापडतं. अशा वेळी नवं ऑइल भरून थोडं चालवा आणि तेही सोडून पुन्हा भरा. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही.

खालच्या प्लगच्या टोकाला बहुधा चुंबक असतं. त्यावर करडा, मऊ, बोटाने पसरणारा लेप असणारच, ती नेहमीची झीज आहे. पण बोटांत टोचणारे तुकडे, सालपं किंवा दाताचा कोपरा दिसला तर नवीन ऑइल त्यावरचा उपाय नाही. तुकडा कागदात बांधा आणि मिस्त्रींना दाखवा. चुंबक पूर्ण स्वच्छ पुसून मगच परत लावायचं.

नवा वॉशर घालून खालचा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा आणि मग पान्याने आवळा. पुस्तिकेत टॉर्कचा, म्हणजे आवळायच्या जोराचा, आकडा असेल आणि टॉर्क पाना मिळत असेल तर तेवढाच द्या. नसेल तर लांब दांडा न लावता, साध्या गोटी पान्याने, मनगटाच्या जोराने नीट घट्ट. निमुळत्या आट्यांच्या प्लगला वॉशर नसतो, त्याला आट्यांवर सीलंट लावतात. तो जास्त आवळला तर हौसिंगलाच चीर जाऊ शकते.

भरणं

इथे लोक सर्वात जास्त सांडतात. डब्याचं तोंड वर आणि छिद्र आडवं, त्यामुळे थेट ओतता येत नाही. पिचकारी वापरणार असाल तर तिच्या टोकाला वीतभर नळी लावा, डब्यातून ओढा, नळीचं टोक बोटाने बंद करून छिद्रापर्यंत न्या आणि मगच बोट काढा. बोट न लावता नेलं की डबा ते छिद्र असा एक ओघळ उमटतो, दर खेपेला.

मला लेव्हल ट्यूबची पद्धत जास्त आवडते. नळीचं एक टोक भरायच्या छिद्रात पेरभर आत घाला आणि नळी गाडीच्या मागच्या स्प्रिंगला दोरीने बांधा, म्हणजे ती निसटणार नाही. दुसरं टोक चाकाच्या कमानीतून वर काढून त्याला नरसाळं लावा आणि ते कोणाला तरी धरायला द्या. वर ओतायचं, खाली आपोआप उतरतं. ऑइलचे डबे आधी तासभर उन्हात ठेवले असतील तर काम लवकर होतं. ढगाळ दिवस असेल तर गरम पाण्याच्या बादलीत ठेवा, झाकण घट्ट लावून. ओतणाऱ्याने घाई करायची नाही. नळीत उतरलेलं ऑइल दिसतं, ते संपेपर्यंत थांबून पुढचं ओतायचं. खाली असलेल्याने छिद्राकडे पाहत राहायचं.

ऑइल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलं आणि बाहेर ओघळू लागलं की पुरे. मग थांबा, ओघळ बारीक होऊन थेंबावर येऊ द्या. आपल्या बहुतेक गाड्यांत हीच योग्य पातळी. पुस्तिकेत कडेच्या इतके मिलीमीटर खाली असं म्हटलं असेल तर करंगळी वाकवून आत घालून बघा. एकूण किती गेलं तेही मोजा. आत जायला हवं त्यापेक्षा बरंच कमी गेलं, तर जुनं पूर्ण निघालेलं नाही किंवा गाडी सपाट उभी नाही. मागची चाकं घोडीवर असतील तर गाडी खाली उतरवून मगच पातळी ठरवा.

‘थोडं जास्तच बरं’ असं इथे म्हणू नका. जादा ऑइल गरम होऊन फुगतं, फेसाळतं, अ‍ॅक्सलच्या टोकाच्या सीलमधून बाहेर येतं आणि ब्रेक ड्रममध्ये जातं. ब्रेक लायनर ऑइलात भिजलं की ते धुऊन कामाचं राहत नाही, आणि एका बाजूचा ब्रेक गेलेली गाडी ब्रेक दाबताच एकीकडे ओढते.

वरचा प्लग नव्या वॉशरसह लावा, हौसिंग कोरडं पुसा. कोरडं पुसणं दिखाव्यासाठी नाही, उद्या गळती आहे की नाही ते त्यावरूनच कळणार आहे.

काळं ऑइल आणि डाग

टबातलं ऑइल रिकाम्या डब्यांत भरा, नरसाळं लावून, पुठ्ठ्यावरच. डब्यावर मार्करने ‘जुनं ऑइल’ लिहा, नाहीतर कोणीतरी ते नव्याच्या भावात कशात तरी ओततं. केंद्र सरकारच्या घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं आणि ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. घरच्या माणसाला सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या मोठ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारून त्यांच्या पिंपात ते देणं, पण ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच देतात ना, तेवढं विचारून घ्या. गावाकडे काळं ऑइल दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासतात, गोठ्याच्या खांबांना लावतात. वाळवी थांबते की नाही हा वेगळा मुद्दा, पण धातूचे कण आणि जुनी रसायनं पावसाने धुऊन विहिरीच्या दिशेने जातात. आणि ते चुलीत किंवा शेकोटीत जाळणं तर अजिबात नको.

सांडलंच तर पाणी मारू नका, डाग पसरतो. भुसा टाका, नसला तर चुलीची राख, आणि बुटाने रगडून पंधरा मिनिटं तसाच ठेवा. झाडून घ्या, पुन्हा टाका. उरलेल्या डागावर धुण्याचा सोडा आणि थोडं गरम पाणी टाकून ताठ ब्रशने घासा. पेव्हर ब्लॉकवर सावली राहतेच, काँक्रीटवरही थोडी. शहाबादी फरशीवर लवकर पुसलं तर जातं. ऑइलने भिजलेले फडके आणि भुसा ओल्या कचऱ्यात घालू नका, पिशवीत बांधून घातक कचऱ्यातच द्या.

हातांना लागलंच तर आधी खोबरेल चोळा आणि मग भांड्याच्या साबणात चमचाभर साखर घालून धुवा. खोबरेलात मिसळून काळं सुटतं, नुसत्या साबणाने नखांत राहतं. कपडे घरच्या इतर धुण्यात मिसळू नका, वास सगळ्यांना लागतो.

नंतर

दहा किलोमीटर चालवून या आणि दोन्ही प्लग, पिनियनच्या शाफ्टची जागा आणि मागच्या चाकांची आतली बाजू टॉर्चने बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवून परत एकदा. प्लगपाशी नुसता ओलावा असेल तर अगदी थोडं आवळा. थेंब पडत असेल तर वॉशर नीट बसलेला नाही, पुन्हा उघडावं लागेल.

मागून येणारी घरघर ऑइल बदलल्यावर जाईल, अशी आशा ठेवू नका. ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारा आणि सोडला की बदलणारा आवाज बहुधा क्राउन-पिनियनच्या दातांचा किंवा त्यांच्यातल्या फटीचा असतो, वेगाबरोबर सलग वाढणारा पुष्कळदा बेअरिंगचा. नवं ऑइल तो थोडा दबवेल, दुरुस्त करणार नाही. ऑइल बदलल्यानंतर नव्याने आवाज सुरू झाला, तर मात्र गाडी लगेच थांबवून पातळी बघा.

तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर गेलं, हे सर्व्हिस बुकात लिहा आणि एका चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूलाही चिकटवा. उरलेल्या ऑइलचं झाकण घट्ट करून डबा उभा ठेवा, सावलीत, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.